मांडीखालचं पुस्तक

मथुरा,

तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी तुझ्या ओटीवर बसून मी बोलले. सुलीने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि म्हणाली, "बाई, आईबद्दल दोन शब्द बोला." सुली म्हणजे तुझी लेक, आता दोन मुलांची आई, पण माझ्या तोंडी अजून सुलीच. बायका गप्प झाल्या. मला बोल म्हटल्यावर मी कशाला मागे राहते! पदर सावरला, घसा साफ केला आणि कष्टाळू, मायाळू, निरपेक्ष, सदा हसतमुख असं एकामागून एक घालत गेले. दोघीतिघींनी डोळेही पुसले.

घरी आले, चहा टाकला आणि सवयीप्रमाणे स्वतःची परीक्षा घेतली. बाई, आत्ता काय बोललात ते न बघता सांगा बघू. त्या चार विशेषणांपलीकडे मला काही म्हणजे काही आठवेना. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मंग ता तुना येतच नव्हता, बाय."

येत होतं गं. दुसरंच काहीतरी येत होतं. पंधरा-सोळा वर्षं पाठ आहे मला ते, आणि तेवढंच गाळून मी बाकीचं बोलून आले.

तुझी बोली मला लिहिता येत नाही, ऐकू येते तशी लिहिते. चुकलं तर हस. मी मात्र आज तेव्हाच्या मला हसणार आहे, कारण ती बाई हसण्याजोगीच होती.

पंचेचाळीशीतली मी. मुंबईच्या शाळेत चार वर्षं शिकवल्याचा अहंकार असा की चाळीस वर्षं शिकवणाऱ्यालाही नसेल. वसईत तळमजल्यावर फ्लॅट घेतला, उमेळे गावाच्या अंगाला, तुझ्या वाडीच्या कुंपणाला लागून, आणि हॉलमध्ये सतरंजी टाकून शिकवणी सुरू केली. चौदा मुलं. माझ्या शिकवणीचा मंत्र एकच होता, वीस वेळा लिही. चुकलं तर वीस वेळा, बरोबर आलं तरी वीस वेळा, म्हणजे पक्कं होईल. व्याख्या लाल शाईने, उदाहरणं हिरव्या, सनावळ्या निळ्या. मोठ्याने पाठांतर तर इतकं की नाक्यावरच्या वाण्यालाही इतिहासाचा तिसरा धडा तोंडपाठ झाला असेल. सकाळी भिजवलेले बदाम खा, डोक्याला ब्राह्मीचं तेल लाव, असे सल्ले वर. मुलांच्या वह्या अशा सुंदर व्हायच्या की देव्हाऱ्यात ठेवाव्यात. परीक्षेत मात्र पहिलं वाक्य आठवलं तर दुसरं आठवायचं, आणि पहिलं अडलं की सगळी गाडी खड्ड्यात. मग मी म्हणायचे, वीस वेळा कमी पडतात, तीस करा.

आणि रोज सकाळी सात वाजता तू यायचीस. केळीच्या पानाची पुडी, केळीच्याच दोऱ्याने बांधलेली. मोगरा, तगर, दोन जास्वंदी, वर दुर्वांची जुडी. आमच्या इमारतीतल्या बाराही घरांतल्या देवांना फुलं तुझीच. पायऱ्यांवर टोपली ठेवून क्षणभर टेकायचीस, आणि आतून मुलांच्या पाठांतराचा आवाज ऐकायचीस.

सुली आठवीत होती. घटक चाचणीत विज्ञानात वीसपैकी चार. मी तुला दारात उभं करून, चौदाच्या चौदा मुलांसमोर विचारलं, "घरी अभ्यास कोण घेतं हिचा?"

"मी हाय ना, बाय."

"तुम्हाला वाचता येतं?"

"नाय."

"मग झालंच की! बघणारं कोणी नसेल तर पोरीने करायचं काय?"

मुलं हसली. मीही हसले. लिहिताना हात थांबतोय, पण लिहिते. मी हसले. सुलीने मान खाली घातली. तू मात्र माझ्याकडे बघत होतीस, आणि विचारलंस ते अगदी साधेपणाने, "बाय, ती वीस वेला लिवते तवा तिचा ध्यान कुठे असते?"

"वहीत!" मी म्हणाले. पुन्हा सगळे हसले.

त्यानंतर दोन महिन्यांत सुलीला वीसपैकी सतरा पडले. आता शहाण्या बाईला काय वाटावं? आनंद? छे! मला वाटलं, पोरगी कॉपी करते. मी तिला एकटीला कोपऱ्यात बसवून तोंडी परीक्षा घेतली. सगळं आलं. तरीही माझी खात्री पटेना, म्हणून एका संध्याकाळी, पाचच्या सुमाराला, मी चोर पकडायला तुझ्या वाडीत आले. कुंपणाच्या फटीतून. साडी पानवेलीच्या काठीत अडकली आणि जरा फाटलीही. बरं झालं.

तू चटईवर बसून मोगऱ्याच्या कळ्या गुंफत होतीस. सुली समोर. पुस्तक कुठे दिसेना.

"पुस्तक कुठंय गं हिचं?" मी विचारलं.

"माज्या मांडीखाली," तू म्हणालीस. "नायतर चोरून बघते ती."

आणि सुली सांगत होती. हृदयाचे चार कप्पे, अशुद्ध रक्त कुठून येतं, फुप्फुसात कसं जातं. तू कळ्या गुंफता गुंफता मधेच अडवायचीस. "थांब. फुफ्फुसात गेला. मंग परत कसा येते ता?" सुली अडली. तू जरा सरकलीस, पुस्तक काढून तिच्या हातात दिलंस. "बघ. तेवडाच बघ." तिने बघितलं. तू पुस्तक घेतलंस, कपाळाला लावलंस, पुन्हा मांडीखाली. "आता पयल्यापासून सांग. मना काय समजला नाय."

मी उभीच. तू माझ्यासाठी पाट मागवलास, मी बसले नाही. चोर पकडायला आलेली बाई पाटावर बसत नसते.

"रोज घेता का असं?" मी विचारलं.

"रोज नाय. आज सांगितलेला उद्या नाय विचारत. परवा विचारते. मंग चार दिवसांनी. मंग पंधरा. तोवर इसरते थोडा. इसरलेला बरा."

"विसरलेलं बरं?"

तू हातातली माळ ठेवलीस आणि मोगऱ्याच्या मुळांकडे बोट केलंस; तुझ्या तोंडी मुळंही 'मुलं'च. "याला रोज रोज वरवर पानी घातला ना, तर मुलं वरच लोलतात. ऊन पडला की मेला. जरा तान लागू द्यायची. मंग मुलं पान्याला शोधत खाली जातात. पोरांचा पन तसाच. आठवायला जरा ओढ लागली पायजे."

हे सगळं तू कुठे शिकलीस? मी विचारलं होतं ना. "कुठे काय? मना वाचता येत नाय, म्हनून तिला सांगायला लावते. सांगताना समजते काय येते ते." चार वर्षं शिकवलेल्या मलाच काय, चाळीस वर्षं शिकवणाऱ्यांनाही हे सुचलं नसतं. वाचता न येणारीला सुचलं, कारण तिच्यापाशी दुसरा मार्गच नव्हता.

मी काय म्हणाले? "ठीक आहे, चालू द्या." जणू परवानगी द्यायला आले होते. आणि कुंपणातूनच परत गेले.

सोमवारी मी वर्गात जाहीर केलं, "आजपासून नवी पद्धत." कुणाची, ते नाही सांगितलं. चौदाही मुलांना पुस्तक वाचायला लावलं, मिटायला लावलं आणि स्वतःच्या पुस्तकावर बसवलं. चौदा पुस्तकांवर चौदा पोरं! एकमेकांना सांगा, अडलं तर उठून बघा, पुन्हा बसा. मला वाटलं काय मजा आली. बसण्याआधी पुस्तक कपाळाला लावायचं असतं, हे तू केलेलं मी बघितलं होतं, पण माझ्या डोळ्यांनी ते घेतलंच नाही. घ्यायचं तेवढंच घेतलं मी.

दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी खाली आल्या. त्यांचा मुलगा माझ्याकडे होता. पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करणारं घर ते. दारातूनच सुरुवात, "काय हो बाई, विद्येवर बसवता मुलांना? सरस्वतीवर?"

आणि मथुरा, त्या क्षणी मी काय केलं?

मी म्हणाले, "अहो वहिनी, माझं कुठलं हे? त्या फुलवालीचं खूळ. मथुराचं. तीच बसते पुस्तकावर. मी म्हटलं, बघू तरी करून."

बघ, पद्धत चालवायची तेव्हा माझी, आणि जोडे पडायची वेळ आली तेव्हा तुझी. एवढी चलाखी तेव्हाच्या मला होती. अभ्यासात नसलेली सगळी चलाखी इथे होती.

आठवड्याभरात इमारतीत तुझी फुलं बंद झाली. विद्येवर बसणाऱ्या बाईच्या हातची फुलं देवाला कशी चालतील, असं वहिनींनी घरोघर सांगितलं. बारा घरांपैकी अकरा घरं. बारावं माझं. तू पायऱ्यांवर टोपली ठेवून मला विचारलंस, "बाय, फुलं खराब निघाली काय माजी?"

"नाही गं," मी म्हणाले. "लोकांचं काय!"

पुडी घेतली आणि आत गेले. त्या दिवशी देवाला फुलं वाहताना माझा हात जड झाला, असं लिहावंसं वाटतंय. पण खोटं लिहिणार नाही. जड वगैरे काही झाला नाही. मी शिकवणीच्या तयारीत होते. हात जड झाला तो नंतर, खूप नंतर, जेव्हा तू भल्या पहाटे टोपली डोक्यावर घेऊन स्टेशनापर्यंत चालत जाताना दिसायला लागलीस. तरीही परतताना माझी पुडी तू दाराच्या कडीला अडकवून जायचीस. एक दिवस चुकली नाहीस. मोगऱ्याचा हंगाम नसेल तेव्हा तगर.

पुस्तकावर बसवणं मी सोडलं. मुलं पुस्तक मिटून देव्हाऱ्यापुढच्या पाटावर ठेवायला लागली, नमस्कार करून. वहिनीही खूश. बाकी सगळं तुझं तसंच ठेवलं. न बघता सांगणं, अडेल तेवढंच बघणं, एक दिवस सोडून परवा पुन्हा. मुलं चमकली. नायगाव, जूचंद्रहून पालक यायला लागले. "बाईंची पद्धत" असं नाव पडलं. मी कुणालाही दुरुस्त केलं नाही. पहिल्यांदा गप्प बसले, दुसऱ्यांदा मान डोलावली, तिसऱ्यांदा मीच म्हणाले, "हो, अनुभवातून आलं."

तुझं माझं एक भांडण मात्र शेवटपर्यंत मिटलं नाही. तू म्हणायचीस चार दिवसांनी, मी म्हणायचे सात. रविवारचा रविवार लक्षात ठेवायला सोपा. "तुज्या सोयीने इसरत नाय ती पोरं," तू म्हणायचीस. मी हटून सात. नंतर चोरून चार करून पाहिले होते एका वर्षी. तुझंच बरोबर निघालं. तेही तुला सांगितलं नाही.

मग तो सत्कार. मंडळाच्या हॉलमध्ये, गेल्या काही वर्षांतलाच. शाल, नारळ, मुलांची भाषणं. आणि मागच्या रांगेत तू. गजरा तूच आणला होतास माझ्यासाठी, स्वतः गुंफलेला. मी माइकवर काय बोलले ते तू ऐकलंस. "वर्षानुवर्षं मुलांचं निरीक्षण करताना मला ही पद्धत सापडली." मला सापडली! तुझ्या मांडीखाली सापडली होती, ते नाही म्हणाले.

तू टाळ्या वाजवल्यास. मी स्टेजवरून बघितलं. कार्यक्रम संपल्यावर गर्दीतून तू माझ्याकडे आलीस आणि हळूच म्हणालीस, "बाय, चांगला बोललीस. एक राहिला."

वाटलं, आता ही काढते मांडीखालच्या पुस्तकाचं. सगळ्यांसमोर.

"काय राहिलं?"

"चार दिवसांचा नाय सांगितला तू. परवाच्या नंतर एकदम पंधरावर गेलीस."

मला हायसं वाटलं. मथुरा, हे सांगायला मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. खोटं बोलले त्याचीही एवढी नाही. तू माझी चूक दुरुस्त करत होतीस आणि मला हायसं वाटलं, की वाचले बाई.

आता पुढचं ऐक. तुझ्या दहाव्याला मी पुन्हा आले. जेवणं झाल्यावर सुलीला मागच्या अंगणात घेऊन गेले, मोगऱ्याच्या वाफ्यापाशी, आणि सांगितलं. सगळं, फुलं का बंद झाली तेही. सुलीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, आईला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांनीच तिला तोंडावर सांगितलं होतं. बाईच म्हणाल्या, तुझं खूळ म्हणून."

"मग ती मला बोलली का नाही?"

"मीही हेच विचारलं होतं तिला. रागावून विचारलं होतं. लहान होते ना. म्हणाली, बायला बोलली तर बाय लाजेल, लाजली की ही पद्धत सोडून देईल. मंग ती सगली पोरं परत वीस वेला लिवत बसतील."

मी वाफ्याच्या कडेला बसले. सुलीने माझ्या पाठीवर हात ठेवला. माझी विद्यार्थिनी माझी पाठ थोपटत होती आणि मी तिच्या आईच्या मोगऱ्याकडे बघत होते. पंधरा-सोळा वर्षं मला वाटत होतं की मी तुझ्यापासून काहीतरी लपवते आहे. तू माझ्यापासून लपवत होतीस. माझी लाज माझ्यापासून लपवत होतीस, चौदा पोरांसाठी.

एवढ्यावर थांबले असते तर तेव्हाचीच मी राहिले असते. एकदा सांगितलं, रडले, मोकळी झाले, आठ दिवसांत विसरले. मला चांगली ओळखते मी. म्हणून ठरवलं, तुझ्याच पद्धतीने करायचं. एक दिवस मध्ये सोडला. बाराव्या दिवशी वर्गात सांगितलं. आता सहाच मुलं येतात, शिवाय माझी नात मुक्ता. तिने शाळेसाठी "माझी आजी" निबंध लिहून ठेवला होता. त्यात एक वाक्य होतं, माझ्या आजीने अभ्यास लक्षात ठेवण्याची पद्धत शोधून काढली. मी म्हणाले, "खोड ते."

"पण आजी, शाळेतल्या बाईंनी तपासलंय! दहापैकी नऊ आहेत!"

"नऊचे आठ होऊ देत."

मुक्ताने विचारलं, मग काय लिहू? मी तिला सगळं सांगितलं, मग वही मिटायला लावली आणि म्हटलं, आता तू सांग. ती सांगत गेली. फुलांपाशी येऊन अडली. मग विचारलं, "आजी, तू असं का केलंस?" याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात उघडून बघता येत नव्हतं. मी म्हणाले, "घाबरले होते. आणि मोठेपणा हवा होता." तिने ते लिहून घेतलं. शाळेत काय वाचून दाखवणार देव जाणे.

मग चार दिवस. सात नाही, चार. आज सोळावा. आज सकाळी मी दुसऱ्या मजल्यावर गेले. गुडघे बोलत होते, तरी गेले. वहिनींचे केस पांढरेशुभ्र झालेत. त्यांनी चहा विचारला, मी आधी बोलते म्हणाले.

"वहिनी, ती फुलवाली मथुरा गेली."

"कोण हो?"

मथुरा, त्यांना तू आठवलीसच नाहीस. फुलंही नाही, सरस्वतीही नाही. अकरा घरांची फुलं ज्यांच्या एका शब्दाने बंद झाली, त्यांना तो शब्द आठवत नव्हता. त्यांच्या देव्हाऱ्यात आज प्लास्टिकच्या पिशवीतली फुलं होती, स्टेशनावरून आणलेली. मी क्षणभर सुखावले, खोटं नाही सांगत. आठवत नसेल तर कशाला उकरा, परत जावं, असं ती तेव्हाची बाई माझ्या कानात म्हणालीच. तिला म्हटलं, गप्प बस, तुला वीसपैकी चार आहेत.

आणि सांगितलं. वाडी, मोगरा, मांडीखालचं पुस्तक, सुलीचे सतरा, दारात मी तिच्यावर ढकललेलं खूळ, पायऱ्यांवरची टोपली. वहिनींचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "असं झालं होतं?" डोळ्यांना पदर लावला. चांगल्या आहेत गं त्या. वाईट तर मीच होते.

मग मी म्हणाले, "आता तुम्ही मला सांगा."

"काय सांगू?"

"मी सांगितलं ते. मला काहीच माहीत नाही असं समजा."

माझ्याकडे त्यांनी बघितलं, म्हातारीला काय झालं अशा नजरेने. पण सांगायला लागल्या. मथुरा नावाची फुलवाली होती, तिला वाचता येत नव्हतं, तरी तिने लेकीचा अभ्यास घेतला. ती पुस्तक कपाळाला लावून मांडीखाली ठेवायची. तिने सांगितलेली पद्धत सगळ्या वसईत गेली. आणि आम्ही तिची फुलं बंद केली.

"एक राहिलं, वहिनी."

"काय?"

"ते मी सांगायचं नाही. आठवा."

त्यांनी बराच वेळ आठवलं. मग म्हणाल्या, "जाऊ द्या हो बाई, तुमचं काय एवढं त्यात?"

तेच राहिलं होतं. त्या भल्या बाईने माझंच नाव गाळलं. मुद्दाम की विसरून, माहीत नाही. मी त्यांचा चहा घेतला, दोन बिस्किटं घेतली आणि खाली आले. दाराच्या कडीला हात गेला, सवयीने. सोळा दिवस झाले, तरी हात जातो.

परवा पुन्हा वर जाणार आहे. त्यांना पहिल्यापासून सांगायला लावीन.